घरातलं मत

मठातले भिक्षू पोथी आटोपून, जेवणाचा डबा घेऊन निघून गेले तेव्हा सव्वाबारा झाले होते. तेत्सुझो ओइकावांच्या तेराव्या वर्षाच्या श्राद्धाला त्यांची तिन्ही मुलं जमली होती, पण सकाळपासून निवडणुकीबद्दल कोणी एक अक्षर काढलं नव्हतं. मिसाओला हे लक्षण बरं वाटेना. थोरली सून म्हणून या घरात येऊन तिला चौतीस वर्षं झाली होती. ओइकावा मंडळी गप्प बसली की आत काहीतरी शिजत असतं, हे तिला पहिल्याच हिवाळ्यात कळलं होतं.

शुक्रवारी पंतप्रधानांनी संसद विसर्जित केली. शनिवारी टोकियोत पक्ष फुटला. आणि आज रविवार होता. जुना लोकसमता पक्ष जिल्ह्यात तिच्या नवऱ्याकडे, योशिनोबुकडे राहिला. धाकटा दीर कात्सुहिको शनिवारी दुपारच्या जेवणाआधीच नव्या पक्षात गेला. त्याचं नाव ‘नवी वाट’. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला एवढी घाई असेल असं कोणाला वाटलं नव्हतं. जागा एक, भाऊ दोन आणि समोर इशिगुरो, सत्ताधारी पक्षाचा, आजोबांपासून चालत आलेला खासदार. अर्ज भरायला नऊ दिवस. योशिनोबु उभा राहणार की नाही, हे विचारायला टोकियोच्या मुख्य कचेरीतून चार वाजता फोन येणार होता.

दोघं उभे राहिले तर दोघंही पडणार, हे मतमोजणी न करता सांगता येत होतं. एकटा उभा राहिला तरी पडणारच होता, पण हे या घरात बोलायची पद्धत नव्हती. योशिनोबु आजवर तीनदा पडला होता. पहिल्यांदा चार हजारांनी, मग सात हजारांनी, मग अकरा हजारांनी.

आणि दोघांपैकी कोणीही उभा राहिला तरी ऑफिस मिसाओ सांभाळणार, हे दोघांनीही धरून ठेवलं होतं. घराची पुढची खोली म्हणजेच ऑफिस. दारावरची पाटी पक्षाच्या नावाबरोबर तीनदा बदलली. आतली बाई तीच राहिली. या वेळी आपण नाही म्हणायचं, असं मिसाओने शुक्रवारी रात्री बातम्या बघतानाच ठरवलं होतं. मात्र नाही म्हटलं की लोक कारण विचारतात, आणि कारण सांगण्याची तिला भीती वाटत होती. सहा वर्षं ते तिने पोटात ठेवलं होतं.

“हे वाचलं का?” योशिनोबुने देव्हाऱ्यातल्या वडिलांच्या तसबिरीपुढचा एक लिफाफा उचलून जेवणाच्या टेबलावर टाकला. “मुख्य कचेरीचं पत्र. परवा आलं.”

कात्सुहिकोने चष्मा वर ढकलला आणि मोठ्याने वाचायला लागला. “आदरणीय तेत्सुझो ओइकावा. आपली प्रकृती उत्तम असेलच. पक्षात तरुण रक्त यावं यासाठी आपण आपल्या भागातल्या...” तो थांबला. “दादा, हे बाबांना आलंय.”

“हो.”

“बाबांना जाऊन बारा वर्षं झाली.”

“म्हणून तर देव्हाऱ्यात ठेवलं होतं,” योशिनोबु म्हणाला.

त्यांची मोठी बहीण हारुए हसली, मग श्राद्धाचा दिवस आहे हे आठवून तिने तोंडावर रुमाल धरला. ती कामेदांच्या घरात दिलेली. तिच्या नवऱ्याची रस्त्यांची कंत्राटं होती, आणि रस्ते इशिगुरोच्या शब्दाशिवाय होत नसत. त्यामुळे गेली कित्येक वर्षं ती इशिगुरोच्या महिला मंडळाची अध्यक्ष होती. मुळ्याचं लोणचं घेऊन ती श्राद्धाला दरवर्षी यायची, निवडणुकीच्या वर्षी एक बरणी जास्त आणायची.

“हे असंच चाललंय,” कात्सुहिको म्हणाला. “टोकियोत बसून पत्रं पाठवायची, ती पण मेलेल्यांना. म्हणूनच मी बाहेर पडलो.”

“तू बाहेर पडलास कारण तिकडे तुला तिकीट मिळतंय.”

“मग तुला तीनदा मिळालं, त्याचं काय केलंस?”

मिसाओने सगळ्यांच्या कपात चहा ओतला. तिला वाटलं होतं भांडण फळं कापेपर्यंत तरी थांबेल, पण ते तितकंही थांबलं नाही.

“बाबा सहा वेळा निवडून आले,” योशिनोबु म्हणाला. “मालगाडीचे डबे जोडणारा माणूस. ते रेल्वेच्या संघटनेच्या जिवावर. आज संघटनाच उरली नाही, तर मी काय करू?”

“बाबा सहा वेळा तिसरे आले,” कात्सुहिको म्हणाला. “तेव्हा मतदारसंघात तीन जागा होत्या, म्हणून तिसऱ्यालाही संसद. बाबांना पहिलं यायचंच नव्हतं. दहातली तीन मतं मिळाली की घरी सणाचा लाल भात. नंतर जागा एक झाली आणि आपण अजून त्या तीन मतांशीच बोलतोय. उरलेल्या सातांच्या दारात आपण कधी गेलो? मी वर्गात विचारायचो ना मुलांना, तसं विचारतोय. कधी गेलो?”

योशिनोबुचे कान लाल झाले. बोलणं खरं निघालं की त्याचे कान लाल व्हायचे. मिसाओला हे माहीत होतं आणि कात्सुहिकोलाही.

“आणि प्रसूतीचा वॉर्ड?” योशिनोबु म्हणाला. “सरकारी दवाखान्यातला वॉर्ड बंद झाला तेव्हा कोण बोललं? मी. पंधरा भाषणं केली स्टेशनसमोर. आज पोरींना बाळंतपणाला दीड तास गाडीने जावं लागतं. इशिगुरो एक शब्द बोलला नाही. लोकांना हे माहीत आहे.”

“माहीत आहे रे,” हारुए म्हणाली. “सगळे म्हणतात, ओइकावा बरोबर बोलतो.”

“मग?”

“मग काही नाही. बरोबर बोलतो, म्हणतात, आणि घरी जातात.”

दारावरची घंटा वाजली. मिसाओ उठली. दारात कोण असणार हे तिला चपला घालतानाच कळलं होतं, कारण गेली बारा वर्षं या दिवशी दोन वाजता तोच येत होता. इशिगुरोचा इथला चिटणीस, कुमागाई. काळा कोट, हातात उदबत्त्यांचा पुडा. त्याने बूट काढून वळवून ठेवले, सरळ देव्हाऱ्यापुढे जाऊन गुडघ्यांवर बसला, घंटा वाजवली, हात जोडले. कोणाकडे न बघता त्याने सगळं केलं, आणि केलं तेही मनापासून. हेच मिसाओला दरवर्षी बोचायचं.

“तेत्सुझोकाका गेले त्या वर्षी सफरचंदं गारपिटीत गेली होती,” तो उठताना म्हणाला. “यंदा बरं पीक आहे. वहिनीसाहेब, तुमच्या आईचं कसं आहे? फिरतात का आता काठीशिवाय?”

“घरात फिरते.”

“छान. थंडीत बाहेर नका सोडू त्यांना.” मग दोघा भावांकडे वळून वाकला. “आमच्या साहेबांनी नमस्कार सांगितलाय. लढत होईल ती चांगली होऊ दे.”

“चहा घ्या,” योशिनोबु म्हणाला.

“नको. अजून तीन घरी जायचंय. आज तीन श्राद्धं आहेत आणि एक बारसं.”

तो गेला. त्याच्या उदबत्तीचा धूर खोलीत तसाच राहिला आणि कोणी खिडकी उघडली नाही.

“बघितलंस?” कात्सुहिको म्हणाला. “शत्रूच्या घरी येऊन उदबत्ती लावून गेला.”

“नाटक आहे सगळं,” योशिनोबु म्हणाला.

“बारा वर्षं कोणी नाटक करत नाही, दादा. बारा वर्षं केलं की ते नाटक राहत नाही.”

मिसाओ रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिच्या मागोमाग कात्सुहिको आला. काकडीच्या फोडींतली एक तोंडात टाकून तो ओट्याला टेकून उभा राहिला. हा माणूस काही मागायला आला की आधी काहीतरी खातो, हेही तिला पाठ होतं.

“वहिनी, पोस्टर लावायचे सरकारी फळे किती आपल्या मतदारसंघात?”

“सहाशे बेचाळीस.”

“आणि लावायला माणसं?”

“गेल्या वेळी एकोणचाळीस होती. त्यातली चार वारली. निशिदाकाकांचा गुडघा गेलाय, ते शिडी चढणार नाहीत. दोघं मुलाकडे सेंदाईला राहायला गेले.” ती फळं सोलत बोलत होती. “पहिल्या दिवशी सकाळी चिठ्ठीत आपला नंबर निघतो आणि त्या नंबरच्या चौकोनात प्रत्येक फळ्यावर पोस्टर लावायचं असतं, एवढं तर तुम्हाला माहीत आहे ना, भावजी?”

“माहीत आहे हो.”

“इशिगुरोचे साडेदहापर्यंत सगळे लागतात. आपले तिसऱ्या दिवशी दुपारी. डोंगरातले वीस-पंचवीस तर लागतच नाहीत. लोक बारा दिवस आपला रिकामा चौकोन बघतात. ज्याला गावात पोस्टर लावता येत नाही, तो राज्य काय चालवणार, असं म्हणतात. मी दुकानात रांगेत उभी राहून ऐकलंय.”

“म्हणूनच तर.” त्याने आवाज खाली आणला. “ती माणसं पक्षाची नाहीत, दादाची नाहीत, ती तुमची आहेत. तुम्ही फोन केलात की येतात. या वेळी तुम्ही माझ्याकडे या. मी दादाला समजावतो. तुमचं टेबल, तुमचा फोन, सगळं तसंच. फक्त पाटी नवी.”

“पाचवी.”

“काय?”

“पाटी. ही पाचवी होईल.”

तो हसला, तिच्या खांद्यावर हलकेच थाप मारून बाहेर गेला. तिने हो म्हटलं असंच त्याने धरलं असावं. दहा मिनिटांनी योशिनोबु पाणी प्यायला आला आणि ग्लास भरताना म्हणाला, “मिसाओ, उद्यापासून फोन लावायला घे. निशिदाकाकांपासून सुरू कर.” तोही ग्लास ठेवून गेला. दोघांत फरक इतकाच की धाकट्याने आधी काकडी खाल्ली.

हारुए दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“मिसाओ, तू चिडत का नाहीस गं?”

“चिडून काय करू, वन्सं?”

“मी चिडले असते.” तिने सोललेलं फळ उचललं. “आमच्याकडे काय होतं सांगू? निवडणूक नसते तेव्हा कुमागाई महिन्यातून एकदा येतो. पाण्याच्या पाटाची साफसफाई असली की बूट घालून चिखलात उतरतो. काही बोलत नाही, निवडणुकीचं तर नाहीच. मग निवडणूक लागली की मंडळातल्या बायकांना काही सांगावंच लागत नाही. तुमच्याकडे निवडणूक लागली की मगच दारं वाजतात. लोकांना वाटतं, हे आले म्हणजे काहीतरी मागायला आले.”

“हे तुम्ही यांना सांगा ना.”

“मी सांगितलं तर मी गद्दार. माझं कोण ऐकतंय या घरात.”

साडेतीनला हारुए भावांचा निरोप घ्यायला जेवणाच्या खोलीत गेली आणि तिथेच सगळं पेटलं. कात्सुहिकोने एक कागद काढला होता. त्यावर गेल्या निवडणुकीत कुठल्या गावात किती मतं पडली ते लिहिलं होतं. कामेदांच्या गावासमोर योशिनोबुच्या नावे छत्तीस मतं होती.

“छत्तीस,” योशिनोबु म्हणाला. “माझ्या सख्ख्या बहिणीच्या गावात छत्तीस. ताई, तू तिकडे चहा ओतत होतीस आणि इकडे बाबांची जागा गेली. तुझ्या घरातलं एक मत तरी फिरवलं असतंस.”

हारुए कोट घालत होती. एक हात बाहीत घालून ती तशीच थांबली.

“माझ्या नवऱ्याकडे बावीस माणसं कामाला आहेत. त्यांच्या चुली कशावर चालतात ते तुला माहीत आहे. म्हणून मी चहा ओतते, उद्याही ओतेन. पण मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव आपल्या हाताने लिहायचं असतं, आणि तिथे मी तुझंच लिहिते. तिन्ही वेळा लिहिलं. मतदानाच्या आडोशात पेन्सिल माझी असते, योशी. तिथे कंत्राट नसतं.”

कात्सुहिकोने कागदाची घडी केली. योशिनोबुचे डोळे भरून आले होते. मग त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून मिसाओ हातातला ट्रे घेऊन दाराशीच थांबली. त्याला हुरूप आला होता.

“ऐकलंस, कात्सु? त्या घरात राहून तिने माझं नाव लिहिलं. म्हणजे आतून लोक आपल्याकडेच आहेत. फक्त बोलत नाहीत. अशा किती हारुए असतील प्रत्येक गावात. पाया शाबूत आहे. मी उभा राहतोय. चारला फोन आला की मी सांगणार, घरातलं एकही मत हललेलं नाही.”

“अहो,” मिसाओ म्हणाली. “तसं सांगू नका.”

“का?”

ती ट्रे खाली ठेवून दाराशीच बसली. आवाज रोजच्यासारखाच निघाला.

“कारण मी तुमचं नाव लिहिलं नाही. गेल्या वेळी नाही आणि त्याच्या आधीच्या वेळीही नाही. दोन्ही वेळा मी इशिगुरो लिहिलं.”

हारुएच्या तोंडून बारीक आवाज निघाला. कात्सुहिको हसायला गेला आणि मध्येच राहिला.

“तू,” योशिनोबु म्हणाला. “तू तर इथे बसून फोन करत होतीस. माझ्यासाठी.”

“हो. दिवसभर लोकांना सांगितलं, ओइकावांना मत द्या. मनापासून सांगितलं. वॉर्डचं तुमचं म्हणणं खरं आहे, मला आजही पटतं. पण आडोशात गेले आणि हात दुसरंच लिहायला लागला.”

“का पण?”

“सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात मी पायरीवरून घसरले. मनगट मोडलं. निवडणुकीचा चौथा दिवस होता. प्लास्टर घालून मी संध्याकाळी ऑफिसात येऊन बसले, फोन मानेत धरून. तुम्ही आलात, विचारलंत आज किती फोन झाले. मी म्हटलं, ऐंशी. तुम्ही म्हणालात, उद्या शंभर करू. दुसऱ्या दिवशी कुमागाई रस्त्यात भेटला. त्याने विचारलं, वहिनीसाहेब, कुठला हात, स्वयंपाक जमतो का? त्याच्या पुढच्या सकाळी आपल्या दारातला बर्फ कोणीतरी उपसलेला होता. तो तुम्हाला दिसला नाही, कारण रस्ता मोकळा होता.”

“म्हणजे बर्फासाठी,” कात्सुहिको हळू म्हणाला.

“बर्फासाठी नाही, भावजी. बर्फ मी एका हाताने काढला असता. त्याने विचारलं म्हणून.” तिला आता रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. “तो मतासाठी विचारतो हे मला कळत होतं. सगळं कळत होतं. तरी बरं वाटलं. चौतीस वर्षं मी या पक्षाचे फोन करतेय. तुमच्यापैकी कोणी एकदा मतासाठी म्हणून तरी विचारायचं होतं.”

योशिनोबुचे कान लाल झाले नाहीत. ते पांढरे पडले होते. मिसाओने त्याला तीन पराभवांच्या रात्री बघितलं होतं. त्या रात्री तो सरळ उभा राहून लोकांपुढे वाकायचा आणि चूक माझी, कार्यकर्त्यांची नाही, असं म्हणायचा. ते वाक्य त्याला पाठ होतं. आज त्याला काहीच पाठ नव्हतं.

फोन वाजला. चार वाजायला दोन मिनिटं होती. टोकियोवाले या एका गोष्टीत वेळेच्या आधी होते.

दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. ऑफिसचा फोन नेहमी मिसाओ उचलायची, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती बसून राहिली.

“कुठला हात होता?” योशिनोबुने विचारलं.

“डावा.”

त्याने तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग उठून तो पुढच्या खोलीत गेला आणि त्याने स्वतः फोन उचलला.

“ओइकावा बोलतोय. हो, योशिनोबु. तेत्सुझो नाही, ते वारले.” तो थांबला. “नाही, मी उभा राहत नाही. तब्येत उत्तम आहे. कारण असं की घरातलं मत मिळालं नाही.” पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत राहिला. योशिनोबुने ऐकून घेतलं. “हे तुम्हाला आकड्यांत सांगता येणार नाही,” तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हारुएने दुसरा हात बाहीत घातला, पण ती निघाली नाही. कात्सुहिको ताठ बसला होता. वाट मोकळी झाल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तो धडपडत होता.

“वहिनी,” तो म्हणाला, “मग उद्यापासून माझ्यासाठी फोन सुरू करायचे.”

“भावजी, हे तुम्ही विचारताय की सांगताय?”

त्याने चष्मा वर ढकलला.

“विचारतोय,” तो म्हणाला.

“मग नाही,” मिसाओ म्हणाली, आणि फळांची बशी तिने त्याच्यापुढे सरकवली.